ताई, तू उठून गेल्यानंतर

प्रिय ताई,

परवा फोनवर तू चिडली होतीस. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. ‘अंकल बूनमी’ हा सिनेमा अर्ध्यात सोडून तू बाहेर गेलीस, याचं मला वाईट वाटलेलं नाही. वाईट वाटलं ते नंतरच्या चर्चेचं. निम्मं सभागृह तोवर रिकामं झालं होतं. उरलेल्यांतले एक गृहस्थ म्हणाले, असा सिनेमा कळायला तयारी लागते, ती सगळ्यांकडे नसते. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते वाक्य अपमान करणारं वाटलं, तुझा आणि त्या सिनेमाचाही.

कारण अवघड असं त्यात फार थोडं आहे. थायलंडच्या ईशान्येकडचा इसान हा कोरडा, गरीब मुलूख. तिथे चिंचेची बाग असलेला, मधमाश्या पाळणारा बूनमी मूत्रपिंडाच्या आजाराने मरणाला टेकला आहे. मेहुणी जेन त्याच्याकडे राहायला आली आहे. रात्री व्हरांड्यात जेवण चाललेलं असताना टेबलाशी त्याची कधीच वारलेली बायको हळूहळू दिसू लागते. क्षणभर सगळे दचकतात, मग तिच्याशी बोलू लागतात, तिच्याच अंत्यविधीचे फोटो तिला दाखवतात. थोड्या वेळाने हरवलेला मुलगा जिना चढून वर येतो. अंगभर काळे केस, लाल डोळे. तर मावशी जेन त्याला विचारते, केस एवढे का वाढवलेस? पितृपक्षात पान वाढून गच्चीवर कावळ्याची वाट पाहणाऱ्या घरांत आपण वाढलो, ताई. गेलेलं माणूस जेवायला येतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तुझी तक्रार वेगळी होती, हे मला ठाऊक आहे. भुतांचं तुला काही वाटलं नाही. तुला त्रास झाला तो संथपणाचा. ‘नळीतून पाणी निघतंय ते किती वेळ दाखवायचं?’ हे तुझे शब्द. त्यावर मी खूप विचार केला. बूनमीचं डायलिसिस पोटाचं आहे, आपल्या अण्णांचं होतं तसंच. लाओसहून आलेला गडी जाय त्याच्या पोटातलं पाणी काढतो आणि कॅमेरा नुसता बघत राहतो. दिग्दर्शक अपिचतपोंग वीरसेतकुन हा खोन केन शहरात वाढला, आई-वडील दोघेही डॉक्टर. वडील मूत्रपिंड निकामी होऊन गेले. त्याने ती खोली आतून पाहिली आहे. आजाऱ्याच्या खोलीत वेळ कसा सरकतो, हे आपल्या घरात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. बॅग लावायची, पाणी उतरेपर्यंत बसायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं, पुन्हा काही तासांनी तेच. एरवीच्या सिनेमात आजारपण दोन खोकल्यांत आणि एका रिपोर्टात उरकतात. इथे ते त्याच्या खऱ्या लांबीने येतं. तुला कंटाळा आला असेल, पण मला वाटतं तो पडद्यावरचा कंटाळा नव्हता. तू वर्षानुवर्षं सोसलेलं पुन्हा समोर आलं होतं, आणि तेच पुन्हा पाहायला तू का बसावंस?

लोकांनी उठून जाणं या माणसाला नवीन नाही. २००४ साली कानच्या महोत्सवात त्याच्या ‘ट्रॉपिकल मॅलडी’च्या वेळी लोक निघून गेले, काहींनी हुर्योही उडवली. आणि टॅरेंटिनोच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षकांनी त्यालाच ज्युरी पारितोषिक दिलं. २०१० मध्ये टिम बर्टन अध्यक्ष असताना ‘अंकल बूनमी’ला तिथलं सर्वोच्च पारितोषिक, पाम दोर, मिळालं. थायलंडच्या सिनेमाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. त्याच आठवड्यात बँकॉकमध्ये लाल शर्टवाल्या आंदोलकांवर लष्कर चालून गेलं होतं. व्यासपीठावर त्याने देशातल्या सगळ्या आत्म्यांचे आणि भुतांचे आभार मानले. मला ते मनापासून मानलेले आभार वाटतात.

कारण त्या सिनेमातली भुतं नुसती घरातली नाहीत. बूनमी जेनला सांगतो, हे दुखणं माझं कर्म आहे, मी फार कम्युनिस्ट मारले. बोलता बोलता, शेतावरचे किडे मारले त्याच्याच जोडीने. इसानमधल्या नाबुआ गावात ऑगस्ट १९६५ मध्ये कम्युनिस्ट शेतकरी बंडखोर आणि सरकारी दलं यांच्यात गोळीबार झाला. पुढे लष्कराने त्या गावाची वर्षानुवर्षं छळणूक केली. कितीतरी पुरुष जंगलात पळाले. अपिचतपोंगने त्या गावातल्या तरुण मुलांबरोबर ‘प्रिमिटिव्ह’ नावाचा मोठा प्रकल्प केला, त्याचाच हा सिनेमा एक भाग. जंगलातून लाल डोळे चमकतात ना, ते कुणाचे, हा प्रश्न मला म्हणूनच साधा वाटत नाही. हे सगळं तो सरळ का सांगत नाही, असंही तू विचारलंस. त्याआधीच्या ‘सिंड्रोम्स अँड अ सेंचुरी’मधून सेन्सॉरने गिटार वाजवणारा भिक्खू आणि दारू पिणारे डॉक्टर कापायला सांगितले होते. अखेर बँकॉकला तो दाखवला तेव्हा कापलेल्या जागी त्याने ओरखडे पडलेली काळी, मुकी फिल्म चालवली. गिटार वाजवणारा भिक्खू जिथे चालत नाही, तिथे नाबुआची गोष्ट सरळ सांगून कुणी चालू दिली असती?

सगळंच मला पटतं असं समजू नकोस. राजकन्या आणि बोलणारा मासा, जिथे तू उठलीस, तो प्रसंग मला अजून अर्धाच भिडतो. दिसायला देखणा आहे, पण बूनमीपासून तो मला लांब नेतो. शेवटी जेन आणि नात्यातला तरुण टाँग हॉटेलच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेले असतात आणि त्याच वेळी तेच दोघे उठून जेवायलाही जातात. त्याचे अर्थ चर्चेत पटापट सांगितले गेले. मला एकही पुरेसा वाटला नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. झोपलेल्यांबद्दलही तिथे तुच्छतेने बोलत होते. प्रेक्षक झोपला तर अपिचतपोंगला त्याचं वाईट वाटत नाही. २०१८ साली रॉटरडॅमच्या महोत्सवात त्याने पडद्यासमोर बिछाने घालून चक्क हॉटेल उभारलं होतं, रात्रभर चित्रं पाहत झोपण्यासाठी. इतकं मोकळं दार ठेवणाऱ्याच्या सिनेमाला आपले लोक कुंपण का घालतात?

आता माझी एक विनंती. माशानंतर लगेच बूनमीच्या खोलीतला प्रसंग आहे. जाय तिथे नाही. त्याच्या पोटातलं पाणी आता त्याची मेलेली बायको काढते आहे. तो तिला बिलगून विचारतो, मेल्यावर मी तुला शोधू कुठे? ती सांगते, भुतं जागेला धरून नसतात, माणसांना धरून असतात. पुढे गुहेत तो मरतो, तेव्हाही ती नळी तिच्याच हातात असते. चर्चेत यावर कुणी एक अक्षर बोललं नाही. सगळे पुनर्जन्म आणि प्रतीकं यांवरच बोलत राहिले. तेवढा भाग तू पाहावास. बाकीचा नाही पाहिलास तरी चालेल. आणि मला लिही, त्या बाईचे हात खरे वाटतात का. ते काम तू केलं आहेस, त्यामुळे त्या सभागृहातल्या कुणाहीपेक्षा मला तुझं मत हवं आहे. खोटे वाटले तर तसंच स्पष्ट लिही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा