'इत्यादी'तला रॉबर्ट जॉन्सन

मराठीच्या अध्यापकांना 'इत्यादी' या शब्दाचा फार आधार असतो. तासाची घंटा झाली, फळ्यावरची जागा संपली किंवा पुढची नावे आपल्यालाच नीटशी ठाऊक नसली, की हा शब्द मदतीला धावून येतो. अरुण कोलटकर शिकवताना आम्ही दोघांनीही तो वर्षानुवर्षे वापरला. आवडत्या लेखक-कवींविषयी विचारले असता कोलटकरांनी एका मुलाखतीत नावांची लांबलचक यादीच दिली होती. आमच्या टिपणांत ती अशी उतरली : मर्ढेकर, एलियट, ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम, रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव, बहिणाबाई, कबीर इत्यादी.

मूळ यादीत कबीराच्या लगत रॉबर्ट जॉन्सन आहे. त्याच्यामागोमाग मडी वॉटर्स, लेडबेली, हाउलिन वुल्फ, जॉन ली हूकर. प्रश्न साहित्यिकांविषयीचा, आणि उत्तरात अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांची ही रांग. परीक्षेच्या दृष्टीने ती 'महत्त्वाची' नव्हती, म्हणून आम्ही गाळली. विद्यार्थ्यांनीही उत्तरपत्रिकांत ती तितक्याच निष्ठेने गाळली.

या गाळण्याची टोचणी लागली ती एका न निघालेल्या अल्बममुळे. कोलटकरांनी गायक व्हायचे मनावर घेतले होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. ते अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकले, गिटार शिकले, इंग्रजीत गाणी लिहिली. १९७३ साली त्यांतली मोजकी गाणी नमुन्यादाखल ध्वनिमुद्रित झाली. 'पुअर मॅन' हे त्यांतले एक. पण कोणत्याही कंपनीची तबकडी त्यातून निघाली नाही. पुढच्याच वर्षी 'जेजुरी' एका नियतकालिकात आली, १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता'. कवी म्हणून नाव झाले. गायक मागे राहिला. त्या गाण्यांचे शब्द सर्वांपुढे आले ते अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स'मध्ये, २००९ साली. कोलटकरांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

ते वाचून आम्ही प्रथमच रॉबर्ट जॉन्सन ऐकला. म्हणजे कोलटकर शिकवायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी. त्याची कथाही ध्वनिमुद्रणाचीच आहे. १९३६ साली सॅन अँटोनिओमधील एका हॉटेलच्या खोलीत आणि १९३७ साली डॅलसमध्ये, एवढ्या दोनच खेपांत त्याची एकूण २९ गाणी मुद्रित झाली. १९३८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. सुट्या तबकड्यांतील गाणी एकत्र करून त्याची पहिली लाँगप्ले तबकडी निघाली ती १९६१ मध्ये. मडी वॉटर्स मिसिसिपीतील एका मळ्यावर राबत असताना १९४१ साली लोकगीतांचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स त्याच्या दारात यंत्र घेऊन गेला, तेव्हा त्याने स्वतःचा मुद्रित आवाज ऐकला. आपला आवाज तबकडीवरच्या आवाजांसारखाच आहे, हे त्या दिवशी त्याला उमगले आणि दोनच वर्षांत त्याने शिकागोची वाट धरली.

ब्लूजची बांधणी वर्णन करायला सोपी आहे. साधारण बारा मात्रावर्तनांचे एक कडवे. गायक एक ओळ म्हणतो. तीच पुन्हा म्हणतो. शब्द तेच, पण खालचे स्वर बदललेले. तिसरी ओळ पहिल्या दोहोंना उत्तर देते. ओळींमधल्या रिकाम्या जागी गिटार बोलते. हे सारे आम्ही पुस्तकातून समजून घेतले आणि एखाद्या परदेशी वृत्ताची व्याख्या पाठ करावी तसे पाठही केले.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर एक मानपाडा आहे आणि डोंबिवलीच्या पूर्वेला दुसरा. आमचा पहिला. इथल्या इमारतींच्या मागे जुनी वस्ती आहे, आणि तिथे पूजेच्या निमित्ताने रात्री भजन असते. एका रात्री आमच्यापैकी एकजण कानांना हेडफोन लावून जॉन्सन ऐकत बसला होता. गाणे संपले, हेडफोन काढले, आणि खिडकीतून बुवांचा आवाज आला. बुवांनी ओळ म्हटली. टाळकऱ्यांनी झेलली. बुवांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, पण आता थोडी वर नेऊन, शेवटचे अक्षर थोडे मोडून. पखवाजाने मधली जागा भरली. मग उत्तराची ओळ. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यात काही ऐकण्यासारखे आहे असे मात्र त्या रात्रीपर्यंत कधी वाटले नव्हते.

मिसिसिपी आणि मानपाडा एकच, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. गुलामगिरीचा इतिहास उसना घेता येत नाही, आणि भजनात ज्याला हाक मारायची तो देव ब्लूजमध्ये बहुधा हजर नसतो. पण कोलटकरांना हे दोन्ही आवाज एकाच कानाने ऐकू येत होते. बळवंतबुवा या भजनी गायकाच्या सहवासात त्यांनी कित्येक वर्षे काढली, आणि त्या नावालाही त्यांच्या यादीत जागा मिळाली. हे सारे वेगवेगळ्या कप्प्यांत घालण्याचे काम आम्ही केले : संतांचा कप्पा, शाहिरांचा, पाश्चात्त्य प्रभावांचा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीत नेटाने पोहोचवले. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे नावही तिकडूनच आले. आमच्या वर्गात मात्र त्यांची पुस्तके आली, तबकड्या आल्या नाहीत.

इथे एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या वर्गात कोलटकरांची मुंबईच्या बोलीतली एक कविता आम्ही एका विद्यार्थ्याला वाचायला सांगितली. हा मुलगा वडिलांच्या भजनात पखवाजावर बसत असे. त्याने बाकावर बोटांनी ठेका धरला, पहिली ओळ म्हटली, आणि पुढे न जाता तीच ओळ पुन्हा म्हटली. वर्ग हसला. आम्ही त्याला थांबवले आणि म्हणालो, "कविता आहे ती, गाणं नाही. नीट वाच." त्याने नीट वाचली. सपाट, निर्दोष, आम्ही वाचतो तशी. पुढे वर्षभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही.

कोलटकरांचा अल्बम निघाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न व्यर्थ आहे. गाणी इंग्रजीत होती; कदाचित चालली नसती, कदाचित वाईटही ठरली असती. पण तो एखाद्या कपाटात असता, तर कोलटकर हा आधी आवाज आहे आणि मग छापील मजकूर, हे आम्हांला कोणीतरी ऐकवले असते. त्या मुलाला ते न ऐकवताच ठाऊक होते. दुर्बोध म्हणून ज्या कवितांची आम्ही फोड करत बसलो, त्यांतल्या कितीतरी केवळ मोठ्याने, ठेक्यात म्हटल्या असत्या तर उलगडल्या असत्या, असे आज वाटते.

यंदा टिपणांतला 'इत्यादी' खोडला आणि पुढची नावे लिहिली. वर्गात एक छोटा स्पीकर नेला. आधी जॉन्सन लावला, मग मागच्या वस्तीतले भजन, परवानगी घेऊन मोबाइलवर मुद्रित केलेले. मुले प्रथम गोंधळली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, दोघंही एकच ओळ परत का म्हणतात?"

उत्तर आमच्या टिपणांत नव्हते. आम्ही दोन्ही पुन्हा लावले.