उजळाईवाडीची दारचौकट

कोल्हापूर शहरातून शिवाजी विद्यापीठाचा परिसर मागे टाकून महामार्गाच्या दिशेने निघाले, की उजळाईवाडीचा माळ लागतो. पलीकडे गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची छपरे, चोहीकडे उसाची शेते आणि मधोमध विमानाची धावपट्टी, असे येथील दृश्य आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, संस्थानी कोल्हापूरने हा विमानतळ उभारला. त्यानंतरची कित्येक दशके त्याने बहुतांशी शांततेतच काढली. २०१८ साली केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेखाली प्रवासी विमाने येथून पुन्हा नियमित उडू लागली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. तिच्या कमानी पाहून जुन्या राजवाड्याची आठवण व्हावी, अशी तिच्या दर्शनी भागाची रचना आहे.

या विमानतळाने एका पिढीच्या सवयी बदलल्या. मुंबई, हैदराबाद, तिरुपती, बंगळूर अशी नावे पूर्वी रात्रभराच्या प्रवासाशी जोडलेली असत. आता कुंभोज, हुपरी, इचलकरंजी, जयसिंगपूर या भागांतील कुटुंबे आजी-आजोबांना घेऊन सकाळी निघतात आणि दुपारचे जेवण परगावी नातेवाइकांकडे घेतात. या नव्या सवयीबरोबर एक नवा उंबरठाही आयुष्यात आला आहे. तो सुरक्षा तपासणीचा.

या तपासणीचा क्रम आता सर्वांना पाठ झाला आहे. पिशव्या, मोबाइल, पट्टा आणि पाकीट ट्रेमध्ये ठेवायचे. ट्रे क्ष-किरण यंत्राच्या पोटातून जातो आणि माणूस मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून. त्यानंतर जवान हातातील यंत्र अंगावरून फिरवतो. स्त्रियांची तपासणी पडद्याआड स्त्री कर्मचारीच करतात. चांदीच्या कारागिरीसाठी नावाजलेल्या हुपरीच्या परिसरातील वृद्ध स्त्री या चौकटीतून गेली, की पायांतले पैंजण, बोटांतली जोडवी आणि गळ्यातला साज यांमुळे चौकट वाजणारच. गुडघ्याचा सांधा बदललेल्या आजोबांच्या वेळीही ती वाजते. हे वाजणे सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. प्रश्न असा, की ज्याच्यासाठी ही चौकट उभी केली, तो आला तर ती वाजेल काय?

हा प्रश्न केवळ शंकेखोरांचा नाही. केंद्रीय नागरी विमान सुरक्षा कार्यालयानेच एप्रिल २०१९ मध्ये काढलेल्या आदेशात मान्य केले, की मेटल डिटेक्टरला धातूखेरीज अन्य पदार्थांची शस्त्रे आणि स्फोटके ओळखता येत नाहीत. म्हणून देशातील अतिसंवेदनशील व संवेदनशील विमानतळांवर ‘बॉडी स्कॅनर’ बसवावेत, असे त्या आदेशात म्हटले होते. ठरलेली मुदत उलटून गेली, तरी बहुतेक ठिकाणी जुनीच पद्धत चालू राहिली. आज ना उद्या हे यंत्र मोठ्या शहरांतून लहान शहरांत येईल, तेव्हा ते काय करते आणि काय करीत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

या यंत्राचे तत्त्व कोल्हापूरकरांना किरणोत्सवाच्या उदाहरणाने सहज उमजेल. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, मावळतीचे किरण महाद्वारातून अंबाबाईच्या मंदिरात शिरतात आणि मूर्तीच्या चरणांपासून मुखाकडे सरकत जातात. वाटेत एखाद्या इमारतीचा आडोसा आला, की किरण अडतात. म्हणूनच महाद्वार रस्त्यावरील अडथळ्यांची चर्चा शहरात दरवर्षी होते. बॉडी स्कॅनरमधून निघणाऱ्या सूक्ष्म रेडिओ लहरींसाठी कापड हा अडथळा नसतो, परंतु मानवी त्वचा असतो. लहरी कापडातून आत जातात, त्वचेवर आदळून परततात आणि त्यांच्या परतण्यावरून यंत्र आकृती रचते. त्वचा व कापड यांच्यामध्ये काही दडवले असेल, तर ते वेगळे दिसते. या लहरी क्ष-किरणांसारख्या नसल्यामुळे त्यांपासून त्या प्रकारच्या अपायाची भीती नाही. तथापि शरीराच्या आत लपवलेली वस्तू त्यांना दिसत नाही आणि कापडाची जाड घडी कित्येकदा त्यांना संशयास्पद वाटते.

जगात या यंत्राचा प्रसार एका विशिष्ट घटनेनंतर वेगाने झाला. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. स्फोटके धातूची नसल्याने मेटल डिटेक्टरने त्यांची दखल घेतली नव्हती. स्फोट नीट झाला नाही आणि सहप्रवाशांनी त्याला आवरले, म्हणून शेकडो जीव वाचले. त्यानंतर अमेरिकेने विमानतळांवर मोठ्या प्रमाणावर स्कॅनर बसवले. मात्र या कथेचा एक भाग बहुधा सांगायचा राहून जातो. त्या तरुणाच्या पित्याने काही आठवडे आधीच नायजेरियातील अमेरिकी दूतावासात जाऊन मुलाच्या विचारांबद्दल चिंता व्यक्त केली होती. ती माहिती योग्य ठिकाणी पोहोचून तिच्यावर वेळीच कारवाई झाली असती, तर तो तरुण विमानात चढलाच नसता.

स्कॅनरविषयीचा लोकांचा अविश्वास पुढे अनुभवातून वाढत गेला. प्रारंभीच्या यंत्रांपैकी काही क्ष-किरणांवर चालत आणि कर्मचाऱ्यासमोर प्रवाशाची जवळजवळ विवस्त्र आकृती उभी करीत. लोकांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. युरोपीय संघाने २०११ मध्ये आरोग्याच्या काळजीपोटी अशा क्ष-किरण यंत्रांना आपल्या विमानतळांवर मनाई केली. अमेरिकेनेही २०१३ मध्ये ती प्रवाशांच्या तपासणीतून काढून घेतली. २०१४ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील संशोधकांनी त्यांपैकी एक यंत्र मिळवून तपासले. शरीराच्या बाजूला विशिष्ट प्रकारे ठेवलेले शस्त्र त्या यंत्राला दिसत नाही, असे त्यांना आढळले. यंत्र समोरून आणि मागून पाहत होते. बाजूची पार्श्वभूमी काळी आणि धातूही काळाच दिसत असल्याने दोन्ही एकरूप होत होते.

हॅम्बुर्ग विमानतळावर २०१० व २०११ मध्ये सुमारे दहा महिने लहरींवर चालणाऱ्या स्कॅनरची चाचणी झाली. सुमारे आठ लाख प्रवासी त्यातून गेले. खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण इतके मोठे निघाले, की जर्मन शासनाने ते यंत्र सर्वत्र बसवण्याचा विचार तेव्हा पुढे ढकलला. कपड्यांच्या चुण्या आणि घाम यांनाही यंत्र धोका समजत होते. जेथे कोट आणि विजार हाच सर्वसाधारण पोशाख आहे तेथे ही स्थिती, तर निऱ्यांचे पातळ, काष्ट्याचे नऊवारी लुगडे, धोतर आणि फेटा यांपुढे यंत्राची काय अवस्था होईल, हे निराळे सांगावयास नको.

सर्वांत मोठा धक्का २०१५ मध्ये बसला. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या तपासनिसांनी वेषांतर करून, बनावट स्फोटके व शस्त्रे घेऊन, विमानतळांवरील तपासणी ओलांडण्याचे ७० प्रयत्न केले. त्यांपैकी ६७ प्रयत्न यशस्वी झाल्याचे वृत्त बाहेर आले आणि सुरक्षा संस्थेच्या तत्कालीन प्रभारी प्रमुखांना पदावरून हलवण्यात आले. त्या वेळी तेथील मोठ्या विमानतळांवर स्कॅनर बसवून काही वर्षे लोटली होती.

यावरून तपासणी हे केवळ नाटक आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९७३ च्या प्रारंभापासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि तोवर वारंवार होणारी विमान अपहरणे एकदम कमी झाली. पिस्तूल घेऊन सहज विमानात चढता येत असे, ती वाट या साध्या मेटल डिटेक्टरने बंद केली. भारतातही १० सप्टेंबर १९७६ च्या अपहरणानंतर विमान सुरक्षेसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेल्या विमानाचे अपहरण झाल्यानंतर, २००० सालापासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे एकेक विमानतळ सोपवण्यात आला. ज्या उपायाने दृश्य परिणाम घडवला त्यावर विश्वास ठेवणे रास्तच आहे. अविश्वास आहे तो परिणाम सिद्ध होण्यापूर्वी मागितल्या जाणाऱ्या विश्वासाबद्दल.

यंत्रावर विसंबण्याची किंमत भारतीय कुटुंबांनी फार मोठी मोजली आहे. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने कोसळले आणि ३२९ जण प्राणास मुकले. बॉम्ब सामानाच्या बॅगेत होता आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले होते आणि उरलेल्या बॅगा हातातील एका यंत्राने तपासल्या गेल्या. प्रवासी नसेल तर त्याची बॅगही विमानात राहू नये, हा नियम काटेकोरपणे पाळला असता तर ती दुर्घटना टळू शकली असती. त्यासाठी प्रवाशांची यादी आणि सामानाची यादी एकमेकींशी ताडून पाहणारा एक जागरूक माणूस पुरेसा होता.

खोट्या इशाऱ्यांचा दुष्परिणाम गणितानेही पटतो. समजा, सत्तर आसनांच्या विमानातील दर दहा प्रवाशांमागे एकाच्या बाबतीत यंत्र चुकीचा इशारा देते. म्हणजे प्रत्येक विमानामागे सात निरपराध माणसे थांबवली जाणार. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष, थांबवलेला प्रत्येक जण निर्दोषच निघणार. अशा स्थितीत तपासणाऱ्या जवानाच्या मनात हळूहळू एकच अपेक्षा रुजते, की यंत्र वाजले म्हणजे काही नसणारच. गर्दीच्या देवळांत आणि रेल्वे स्थानकांत मेटल डिटेक्टरच्या चौकटी अखंड वाजत राहतात आणि लोक त्यांतून अखंड चालत राहतात, त्याचे कारण हेच आहे. वाजण्याकडे वळून पाहणारा डोळा नसेल, तर चौकट केवळ शोभेची ठरते.

म्हणून उजळाईवाडीसारख्या विमानतळावर उद्या बॉडी स्कॅनर आला, तर त्याचे स्वागत करताना नागरिकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. ठरावीक काळाने गुप्त चाचण्या होतात काय? त्यांतील यशापयशाचा ढोबळ आकडा लोकांना कळतो काय? खोटे इशारे किती येतात आणि भारतीय पोशाखावर यंत्राची परीक्षा झाली आहे काय? त्याच पैशांत प्रशिक्षित मनुष्यबळ वाढवणे अधिक लाभदायक ठरले असते काय? कोठे काय दडवले ते दिसते, ही गुप्त ठेवण्याची बाब खरी. परंतु यंत्र काम करते की नाही, हे जाणण्याचा अधिकार त्यासाठी कर भरणाऱ्याला आणि अंग तपासू देणाऱ्याला आहे. शंका घेणारा प्रवासी सुरक्षेचा शत्रू नसतो. त्याच्या प्रश्नांमुळेच विवस्त्र आकृती दाखवणारी यंत्रे गेली आणि त्यांच्या जागी केवळ पुतळ्यासारख्या रेखाकृतीवर खूण दाखवणारी यंत्रे आली.

तोवर घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन विमानाने जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सांधेरोपण किंवा पेसमेकर असल्यास डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे आणि तपासणीपूर्वीच तसे सांगावे. जड दागिने शक्य तर हातातील पिशवीत ठेवावेत. स्त्रियांची अंगझडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यावयाची असते; संकोच वाटल्यास आडोशाची जागा मागण्यात गैर काही नाही. आणि तपासणी चालू असताना ट्रेमधील आपल्या वस्तूंवर कुटुंबातील एकाने नजर ठेवावी. आजींना चौकटीपाशी का थांबवले, हे त्यांना शांतपणे समजावून सांगितले, तर त्यांचा प्रवास अपमानाच्या भावनेने सुरू होत नाही.