उमर इब्न सईद यांची पंधरा पाने

अमेरिकेच्या हायस्कूलमध्ये अकरावीच्या मुलांना बऱ्याच ठिकाणी इंग्रजीच्या तासाला आपल्या देशाचे जुने साहित्य शिकवतात, आणि इतिहासाच्या तासाला त्याच काळाचा इतिहास. म्हणजे इकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचायचा आणि तिकडे तो लिहिणारी माणसे कोण होती, त्यांच्या घरी कोण राबत होते, ते शिकायचे. आमच्याकडे मराठीच्या शिक्षकाला शेजारच्या वर्गात इतिहासाचा कोणता धडा चालू आहे याचा पत्ता नसतो. आमच्या घरात तेवढी सोय आहे. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, आमचे 'हे' इतिहास शिकवतात, आणि दोन्ही तास जेवणाच्या दस्तरखानावर एकत्र येतात.

आमची भाची न्यू जर्सीत अकरावीला आहे. गेले वर्षभर दर रविवारी तिच्याकडे सकाळ असताना आणि आमच्याकडे मगरीब होऊन गेल्यावर व्हिडिओ कॉल लागतो. ती धडा वाचते, आम्ही ऐकतो, अडले की विचारतो. सुरुवातीला हे तिच्या उर्दूसाठी होते. तिच्या अम्मीची तक्रार अशी की मुलगी उर्दू विसरत चालली. उर्दू राहिली बाजूला, आम्हीच अमेरिकेचा इतिहास शिकू लागलो.

फिलिस व्हीटली हे नाव आम्ही पहिल्यांदा तिच्याकडूनच ऐकले. सात-आठ वर्षांची ही मुलगी १७६१ साली आफ्रिकेतून आणून बोस्टनमध्ये विकली गेली. जहाजाचे नाव फिलिस होते, म्हणून तिचेही फिलिस ठेवले. व्हीटली हे मालकाचे आडनाव. तिचे स्वतःचे नाव काय होते, त्याची कुठे नोंद नाही. ती इंग्रजी शिकली, कविता करू लागली, आणि १७७३ साली लंडनमध्ये तिचे पुस्तक निघाले. त्या पुस्तकात बोस्टनच्या अठरा मान्यवरांच्या सह्यांचे एक पत्रक छापले आहे, की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत. आमच्या 'ह्यां'नी ते ऐकून फक्त एवढेच म्हटले, "सह्या करणाऱ्यांपैकी कुणाला असे पत्रक कधी लागले असेल का?"

जाहीरनाम्याचा धडा मात्र महिनाभर पुरला. १७७६ चा तो मजकूर थॉमस जेफरसन यांनी लिहिला. मूळ मसुद्यात त्यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेद घातला होता. काँग्रेसने तो काढून टाकला. आणि हेच जेफरसन आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांचे मालक होते. त्यांनी १७६५ साली, विद्यार्थी असताना, जॉर्ज सेल यांचा कुरआनचा इंग्रजी तर्जुमा विकत घेतला होता. २००७ साली कीथ एलिसन हे अमेरिकेच्या संसदेतले पहिले मुस्लिम सदस्य झाले, तेव्हा शपथेच्या समारंभासाठी त्यांनी तीच प्रत मागवून घेतली. व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याविषयी जेफरसन यांनी पुढे लिहून ठेवले की त्याचे संरक्षण मुसलमान आणि हिंदू यांनाही आहे. भाची हे मोठ्या अभिमानाने सांगत होती. आमचे 'हे' म्हणाले, "बेटा, कागदावरच्या मुसलमानाला हक्क दिला हे खरे. पण त्या वेळी त्यांच्या देशात जे मुसलमान प्रत्यक्ष होते, ते कुठे होते?"

ते शेतावर होते. पश्चिम आफ्रिकेतून जे लोक पकडून आणले, त्यांत मुसलमानही बरेच होते. काही तर मदरशात शिकलेले. भाचीच्या पुस्तकात यावर जेमतेम दोन ओळी होत्या. शाळेचा मोठा निबंध जवळ आला होता. सुरुवातीच्या काळातला एक लेखक निवडायचा, त्यावर लिहायचे आणि वर्गासमोर दहा मिनिटे बोलायचे. तिने उमर इब्न सईद यांचे नाव दिले.

उमर हे आजच्या सेनेगलच्या उत्तरेकडील फूता तोरोचे. जन्म १७७० च्या सुमाराचा. पंचवीस वर्षे इल्म शिकण्यात घालवलेला हा माणूस १८०७ मध्ये पकडला गेला आणि चार्ल्सटनच्या बंदरात विकला गेला. बाहेरून गुलाम आणण्यावरची बंदी १८०८ च्या १ जानेवारीला लागू झाली. म्हणजे दरवाजा बंद होता होता ते आत ढकलले गेले. मालक क्रूर होता. ते पळाले, नॉर्थ कॅरोलिनातल्या फेएटव्हिल येथे पकडले गेले, आणि तुरुंगाच्या भिंतींवर त्यांनी कोळशाने अरबी लिहिले. ते बघायला माणसे जमली. तिथून ते ओवेन कुटुंबाकडे गेले आणि मरेपर्यंत गुलामच राहिले. १८३१ साली त्यांनी अरबीत आपली हकिकत लिहिली. सगळी मिळून पंधरा पाने. अमेरिकेत गुलामीत असलेल्या माणसाने अरबीत लिहिलेले, आज हाती असलेले हे एकमेव आत्मचरित्र. २०१७ मध्ये ते लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतले आणि आता कुणालाही घरबसल्या बघता येते.

आम्ही ती पाने मोठी करून अब्बांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवली. ते हाफिज आहेत. मगरिबी वळणाचे ते अक्षर त्यांना आधी लागेना. त्यात 'फे'चा नुक्ता खाली असतो आणि 'काफ'ला वर एकच. मग अचानक त्यांचा आवाज लागला. हकिकतीच्या आधी उमर यांनी सूरह मुल्क लिहिली आहे. सारी मालकी, सारी सत्ता अल्लाहच्या हाती आहे, असे सांगणारी सूरह. ज्याच्यावर दुसऱ्या माणसाची मालकी आहे, तो माणूस लिहायला बसतो आणि पहिली गोष्ट ही लिहितो. अब्बा पुढे काही बोलले नाहीत.

अडचण त्यानंतर आली. उमर यांनी पुढे बाप्तिस्मा घेतला होता. हकिकतीतही ते मालकाच्या घराची तारीफ करतात, आधी आपण फातिहा पढून दुआ मागत असू आणि आता येशूंची प्रार्थना म्हणतो, असे लिहितात. भाचीला ते टाळायचे होते. "खाला, ते मनातून मुसलमानच होते, असेच लिहिते ना!" तिच्यापाशी पुरावेही होते. बायबलमधला उतारा लिहून देतानाही ते आधी बिस्मिल्लाह लिहीत. आमचे मत वेगळे होते. ज्याचे खाणे, झोपणे, जगणे दुसऱ्याच्या मर्जीवर, तो आपल्या मनातले किती कागदावर उतरवू शकतो? मालक वाचू शकत नसला तरी भाषांतर करणारे होतेच. त्यांच्या दिलातले अल्लाह जाणे. आम्ही तिला सांगितले, दोन्ही गोष्टी लिही आणि निकाल देऊ नकोस. ती रुसली. एक रविवार कॉल लागला नाही.

त्याहून अवघड विषय अय्यूब सुलेमान दियालो यांचा निघाला. हेही पश्चिम आफ्रिकेतले, विद्वान घराण्यातले, उमर यांच्या कितीतरी आधीचे. मेरीलँडमध्ये तंबाखूच्या मळ्यावर गुलाम झाले. वडिलांना लिहिलेल्या अरबी पत्रामुळे त्यांची सुटका झाली, १७३३ मध्ये लंडनला पोहोचले, तिथे त्यांनी कुरआनच्या प्रती पाठ असलेल्या स्वतःच्या हाताने उतरवल्या, आणि पुढे मायदेशी परतले. किती सुंदर गोष्ट! फक्त ते पकडले गेले तेव्हा गँबिया नदीकाठी दोन माणसे विकायला गेलेले होते, हेही त्याच गोष्टीत आहे. भाचीने हे वाचून विचारले, "हे वर्गात सांगितले तर मुले काय म्हणतील? वर्गात मी एकटीच आहे." तिच्या अम्मीने तर फोनवर आम्हालाच बोल लावले. त्या देशात पोरीने सगळ्यांसमोर मुसलमान आणि गुलामी हे शब्द एकत्र का उच्चारायचे? बेंजामिन फ्रँकलिनवर लिहावे, चांगले मार्क घ्यावेत.

बहिणीची काळजी खोटी नाही. पण जेफरसन यांच्या घरी कोण राबत होते हे आम्ही तिला शोधायला लावायचे आणि दियालोंच्या प्रवासातला अर्धा भाग झाकायचा, हे आम्हाला जमणारे नव्हते. वर्गात आम्हीही मुलांना हेच सांगतो: दुसऱ्याच्या आजोबांची वही उघडली तर आपल्या आजोबांचीही उघडावी लागते. गुलाम आझाद करणे हे आपल्या दीनमध्ये मोठे पुण्याचे काम सांगितले आहे. तरीही मुसलमानांनी माणसे विकली. दोन्ही वाक्ये खरी आहेत.

आमच्या 'ह्यां'नी तिला अजून एक गोष्ट पाठवली. महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली निघाले, तेव्हा त्यांनी ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले ज्यांनी गुलामी मोडण्यासाठी सोसले. तिच्या खापरपणजोबांच्या काळात, तिच्या खालूच्या भाषेत लिहिलेले पुस्तक तिच्याच देशाला अर्पण झालेले, हे तिला खरेच वाटेना. आम्ही अर्पणपत्रिकेच्या पानाचा फोटो काढून पाठवला.

निबंधात शेवटी उमर, त्यांचा बाप्तिस्मा, त्यांचे बिस्मिल्लाह, दियालो आणि ती दोन माणसे, सगळे आले. बोलण्याच्या दिवशी तिने सूरह मुल्कच्या पानाचे चित्र पडद्यावर लावले. एका मुलाने विचारले, "तुला हे वाचता येते?" तिने पहिल्या आयती मोठ्याने पढून दाखवल्या. दुसऱ्या एका मुलीने दियालोंबद्दल विचारले, की त्या दोघांची नावे काय होती? ती कुठे नोंदलेली नाहीत, असे भाचीने सांगितले. मार्क अजून यायचे आहेत. बहीण आता निबंध नातेवाइकांना पाठवते आहे.

अब्बांनी त्या पंधरा पानांच्या प्रिंट काढायला लावल्या. फजरनंतर ते रोज एक पान घेऊन बसतात, आणि जिथे अक्षर लागत नाही तिथे पेन्सिलीने बारीक खूण करतात, रविवारी विचारायला.