मिठाचा अंतरपाट

तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासली की लखलखतात, एवढेच मीठ आणि तांबे यांचे नाते मला ठाऊक होते. पण स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक बसतात. पेपर तपासून कंटाळले की ते मला काहीबाही ऐकवतात. मी पडलो मराठीचा मास्तर. मला त्यात रूपकेच दिसतात. त्याला इलाज नाही!

1981 साली झुरिकजवळच्या आय. बी. एम. प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी एक सूक्ष्मदर्शक बनवला. त्याला भिंग नाही. अणकुचीदार सुई धातूच्या अगदी जवळ न्यायची, पण टेकवायची नाही. मधली फट ओलांडून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. फट नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्शाने वाढली, की प्रवाह सुमारे दहापट घटतो. एवढ्या आधारावर सुई एकेका अणूचा उंचवटा चाचपते. 1986 साली दोघांना नोबेल मिळाले.

गंमत पुढेच आहे. तांब्यावर एखादा रेणू ठेवला, की तो तांब्याचाच होऊन बसतो. धातूतले इलेक्ट्रॉन त्याच्यात मिसळतात आणि सुईला दिसते ते धड त्याचे रूप नसते, धड तांब्याचे. यावर तोड काय, तर आपले स्वयंपाकघरातले मीठ! निर्वात पात्रात ते तापवायचे आणि त्याची वाफ तांब्यावर बसू द्यायची. अणूंचे दोनच थर. जाडी एका नॅनोमीटरहूनही कमी. 2005 साली त्याच प्रयोगशाळेत पेंटासीनचा रेणू असा मिठावर ठेवला. थंडी उणे 268 अंशांची. तेव्हा त्याच्या इलेक्ट्रॉनांचे ढग गणिताने काढावेत तसे चित्रात उमटले.

मला अंतरपाट आठवला. अंतरपाटातून काही आरपार जात नाही म्हणावे, तर पलीकडची चाहूल लागतेच. मीठ एरवी विजेला वाट देत नाही; दोन थरांतून मात्र इलेक्ट्रॉन निसटतात. थर जाड झाला तर प्रवाहच थांबतो, आणि सुई त्याचा शोध घेत खाली जाऊन मिठात रुतते.

हे मी इतके कान देऊन ऐकले त्याला कारण आहे. आमच्या मुलीला पुण्याला वसतिगृहात राहायचे आहे. तिच्या निबंधांत माझी वाक्ये असतात. माझ्याशी भांडते तीही माझ्याच शब्दांत. “अगदी बापावर गेलीय,” असे लोक कौतुकाने म्हणतात. त्यातली तिची स्वतःची किती, हे मला सांगता येत नाही.

प्राध्यापकांनी आणखी एक सांगितले. 2004 साली मिठावरच्या सोन्याच्या एका अणूला सुईने एक इलेक्ट्रॉन दिला. उघड्या तांब्यावर तो क्षणात ओघळून गेला असता. इथे भोवतीचे आयन किंचित सरकले आणि सोन्याने तो राखला. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात ते हेच की काय!

घरी येऊन सौ.ला हे सारे सांगितले. तिने निवडायची मेथी बाजूला न ठेवता ऐकून घेतले.

“मग पुणं म्हणजे दोन थर की दोनशे?”

वसतिगृहाचा अर्ज टेबलावर आहे. सोमवारी मुदत संपते.