उधाणाचे इंग्रजी

रत्नागिरी शहर मागे टाकून भाट्याचा पूल ओलांडू लागले, की उजव्या हाताला काजळी नदी समुद्राला मिळते ते मुख दिसते. पलीकडे नारळ संशोधन केंद्राचे माड, सुरूचे बन आणि सरळ पसरलेली पुळण. या सुरूंच्या सावलीत गेली काही वर्षे, महिन्यातल्या एका रविवारी, आसपासच्या शाळांतील इंग्रजीचे सात-आठ शिक्षक जमतात. आम्ही मराठीचे, तरी त्यांच्यात जाऊन बसतो. इंग्रजीच्या अध्यापनाविषयी मराठीवाल्यांनी बोलावे हा काहींना आगंतुकपणा वाटेल. परंतु त्या विषयाशी आमचा एक जुना हिशेब आहे.

महाविद्यालयात येण्यापूर्वी आम्ही खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत होतो. इंग्रजीची जागा रिकामी होती, आणि ‘भाषाच शिकवायची ना, तुम्ही भाषेचेच आहात’ या न्यायाने नववीचे इंग्रजी आमच्याकडे आले. आमची तयारी म्हणजे लहानपणी गिरवलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. एका उताऱ्यात ‘स्प्रिंग टाइड’ हा शब्द आला. कोश उघडण्याचे कष्ट न घेता आम्ही फळ्यावर लिहिले : वसंत ऋतूतील भरती. मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील होडी घेऊन समुद्रावर जात. ती म्हणाली, “पण सर, उधाण तर दर अमावाश्येला नि पुनवेला येतं. वसंतात कसं?”

चूक त्याच क्षणी आमच्या ध्यानात आली होती. आणि तरीही आम्ही म्हणालो, “इंग्रजीच्या तासाला इंग्रजीत विचारायचं.” ती खाली बसली. पुढे वर्षभर ती आपण होऊन एकदाही उभी राहिली नाही.

त्या संध्याकाळी कोश पाहिला. त्या शब्दातल्या ‘स्प्रिंग’चा ऋतूशी संबंध नाही, उसळणे, झेप घेणे हा तिथला अर्थ. म्हणजे आमचे उधाणच ते. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतले अंतर कमी होते, त्याला इंग्रजीत ‘नीप’ म्हणतात आणि मराठीत ‘भांगाची भरती’. ही सगळी व्यवस्था त्या मुलीला ठाऊक होती. तिच्यापाशी फक्त दोन इंग्रजी शब्द नव्हते. आमच्यापाशी शब्द होता आणि वस्तू नव्हती. वर्गात अधिकार मात्र आमचा चालला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दुरुस्ती केली. तिचे नाव घेऊन केली नाही, हे अधिक खुपते.

२००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून असे. त्या निर्णयाची चर्चा पुष्कळ झाली, बहुतेक मराठीच्या भवितव्याच्या अंगाने. ज्यांनी शिकवायचे त्यांच्या हाती काय आहे, हा प्रश्न मागे पडला. प्रशिक्षणे होत राहिली. २०१६च्या सुमारास राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांचा ‘तेजस’ प्रकल्प आला, त्यात शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटावेत ही कल्पना होती. ती आम्हाला आजही योग्य वाटते. प्रमाणपत्र आणि फराळाचे पाकीट घेऊन परतण्यापेक्षा आपल्याच तालुक्यातल्या माणसापुढे आपला फसलेला तास मांडणे कठीण असते.

भाट्याच्या बैठकीचा नियम तेवढाच आहे : प्रत्येकाने एक फसलेला तास आणायचा. पहिल्या रविवारी आम्ही वरचाच आणला होता. त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका शिक्षिकेने विचारले, “त्या मुलीचा प्रश्न हाच धडा केला असतात तर?”

तेव्हा आम्हाला एन. एस. प्रभूंची आठवण झाली. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत जो प्रयोग केला तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांपुढे नकाशे, रेल्वेची वेळापत्रके आणि त्यांवरची कोडी ठेवायची. उत्तर शोधता शोधता भाषा येते, ही त्यांची धारणा. पुढे १९९०च्या एका लेखात त्यांनी म्हटले, की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. आपण करतो ते मुलांपर्यंत पोहोचते आहे, ही शिक्षकाची स्वतःची प्रतीती जागी असणे महत्त्वाचे.

रेल्वेऐवजी आम्ही समुद्राचे वेळापत्रक घेतले. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे, म्हणजे रोजची भरती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज भरती सकाळी दहाला. पुरेशा पाण्यासाठी होडी भरतीच्या आगेमागे तासाभरातच खाडीबाहेर पडू शकते. शनिवारी किती वाजता निघावे? मुलांनी आपसांत मराठीत भांडावे, उत्तर आणि त्याचे कारण इंग्रजीत सांगावे. कारण सांगताना ‘बिकॉज’ येतो, ‘इफ’ येतो, आणि ते कोणी पाठ करून घेतलेले नसतात.

दुसरा तास माडाचा. मराठीत झाड माड, कोवळे फळ शहाळे, पिकलेले नारळ, आतले खोबरे. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ‘कोकोनट’वरच भागते. मुलांना आपली भाषा श्रीमंत निघाल्याचा आनंद होतो, तो होऊ द्यावा. मग सांगावे, की ‘कॉयर’ आणि ‘कोप्रा’ हे इंग्रजी शब्द मुळात मलयाळममधून गेलेले आहेत. ‘मान्सून’ आणि आपला ‘मोसम’ एकाच अरबी घरातले. (सुरूचे ‘कॅश्युरिना’ हे नाव कॅसोवरी पक्ष्याच्या पिसांवरून पडले, हे ऐकून मुले वर झाडाकडे पाहतात.)

या सगळ्याला मागच्या रविवारी एका तरुण शिक्षकाने हरकत घेतली. त्याचे म्हणणे, भरतीचे कोडे सोडवून परीक्षेत गुण मिळत नाहीत, आणि पालक विचारतात ते गुणांचेच. आम्ही म्हणालो, आठवड्यातला एकच तास द्या. तो म्हणाला, तुम्ही आता महाविद्यालयात आहात, तुम्हाला सोपे आहे. हे खरे होते. त्याच्या शाळेतला एक तास आम्ही घ्यावा आणि त्याने मागे बसून पाहावे, असे ठरले. आठवीचा वर्ग आहे. त्यात चार मुले होडीवाल्यांच्या घरची आहेत, असे तो निघताना म्हणाला.