माणग्याचे नाव काय लिहायचे?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मामांचा अर्ज परत आला. मामा सिंधुदुर्गात राहतात. वीस गुंठे वरकस जमीन आहे, तिच्यात माणगा लावायचा आणि त्यासाठी अनुदान मागायचे, एवढीच त्यांची धडपड. अर्जावर शेरा होता, ‘पावतीवरील जातीचे नाव यादीशी जुळत नाही.’ रोपांच्या पावतीवर होते स्यूडोऑक्सिटेनॅन्थेरा स्टॉक्सी आणि यादीत डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. वनस्पतिशास्त्र शाळेतच सुटले. पण एकच रक्कम दोन खात्यांवर पडली की काय घोळ होतो, तो आम्ही वीस वर्षे निस्तरतो आहोत. तेव्हा दोन रविवार वाचनालयात घालवले, ओळखीच्या एका प्राध्यापकांनाही गाठले.

बांबू हे गवत आहे. गहू, ज्वारी, ऊस यांच्याच कुळातले. गवताची प्रजाती मुख्यतः फुलावरून ठरवतात, आणि बांबूला फूल येते कित्येक वर्षांनी एकदा. माणग्याला तर बीही क्वचितच धरते, म्हणून आपले लोक कंद काढून लावतात. फूलच हाती नाही तर शास्त्रज्ञ तरी काय करणार!

१८६८ साली मन्रो नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने माणग्याची नोंद ऑक्सिटेनॅन्थेरा या प्रजातीत केली. पुढे त्या प्रजातीत आफ्रिकेतला एकच बांबू खरा ठरला, बाकीच्यांना घर उरले नाही. १९८८ साली श्रीलंकेतील एका बांबूसाठी स्यूडोऑक्सिटेनॅन्थेरा ही नवी प्रजाती मांडली गेली. १९९१ साली आपला माणगा तिच्यात गेला. २००४ साली काही अभ्यासकांनी त्याला डेंड्रोकॅलॅमसमध्ये, म्हणजे मानवेलीच्या घरात नेले. पुस्तकागणिक नाव बदलते ते यामुळे. पण ‘स्टॉक्सी’ हा शेवटचा शब्द तिन्ही ठिकाणी तोच आहे. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा ज्याचा त्याचा. वाचकांपैकी कोणाचा अर्ज असा अडला असेल तर हा दुसरा शब्द पाहावा.

‘स्यूडो’ म्हणजे खोटा, हे सांगितल्यावर मामा उसळलेच. “अरे भाच्या, माझो माणगो खोटो कसो? काटो नाय, सरळ वाढता, जवळजवळ भरीव. घर उभा रवता त्येच्यावर!”

मामांचा राग नुसता नावावर नव्हता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला होता. शास्त्र गवत म्हणे, कायदा झाड म्हणे. परसातली काठी तोडून बाजारात न्यायची तर परवान्याचा प्रश्न येई. बुरूडकाम करणाऱ्यांनी आणि लहान शेतकऱ्यांनी ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली. २०१७ साली त्या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला, तेव्हा कुठे वनाबाहेरचा बांबू मोकळा झाला. एका शब्दासाठी नव्वद वर्षे!

आम्ही तिन्ही नावे, साले आणि ‘ही एकच जात आहे’ एवढे एका फुलस्केपवर लिहिले. खाली प्राध्यापकांची सही घेतली. कचेरीतील बाईंनी कागद दोनदा वाचला. “हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं,” म्हणाल्या आणि अर्ज वर पाठवला.

मंजुरी येईपर्यंत मृग निघून गेला. मामांनी शेजाऱ्याकडून बारा कंद आणून बांधाला लावून टाकले होते.