पत्र्याखालची दुपार

उन्हाळ्यात घर किती तापतं, हे पुरुषांना फारसं कळत नाही. दुपारी ते कारखान्यात, दुकानात नाहीतर कचेरीत असतात. मीही शाळेत असते. पत्र्याखाली राहतात त्या घरच्या बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं.

आमचं मालेगाव वाढलं ते यंत्रमागांच्या आधारानं आणि माळ्यांच्या उंचीनं. कुटुंब वाढलं की लोक वर माळा चढवतात. स्लॅबचा खर्च झेपत नाही, जुन्या भिंतींना त्याचं ओझंही पेलत नाही, म्हणून वर पत्रा टाकतात. आमच्या आजोबांच्या काळी धाब्याची घरं होती. त्यावरचा मातीचा जाड थर ऊन पिऊन घ्यायचा. पत्रा हलका, स्वस्त आणि पावसाला पक्का; पण उन्हाला तो आडकाठी करत नाही.

आमच्याही खालच्या दोन खोल्यांत दोन भावांचे संसार आहेत. वर माळ्यावर सासूबाईंची, म्हणजे आमच्या अम्मांची चारपाई, जानमाज आणि तसबीह. दुसऱ्या कोपऱ्यात माझ्या मुलीची वह्या-पुस्तकं. अम्मांना खालच्या गोंगाटात झोप लागत नाही आणि सत्तरीत सारखा जिना चढ-उतार करवत नाही.

२०१९ चा रमजान ७ मेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत होता. ऐन उन्हाळा, त्यात मोठे दिवस. चौथ्या-पाचव्या रोज्याला जोहरच्या वेळी अम्मांना घेरी आली. डॉक्टरांनी रोजे थांबवायला सांगितलं. आजाऱ्याला आणि अशक्ताला दीनने ती सवलत दिलेलीच आहे, हे अम्मांना ठाऊक होतं. तरी त्या रडल्या. "रोजा माझ्यानं होईना असं नाही गं, हे छप्पर मला करू देईना," एवढंच म्हणाल्या.

माझ्या पतींनी कूलर आणला. हवा गार आली, पण अम्मांची तक्रार कायम राहिली : "पायाला गार लागतं, डोकं मात्र तापतंच." या एका वाक्यातच सगळं विज्ञान होतं. भरदुपारी दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट एवढं ऊन पडतं. आमचा माळा १२ बाय १५ फुटांचा, म्हणजे जवळपास १७ चौरस मीटर. एका इस्त्रीचे १००० वॅट धरले, तर छपरावर सतरा इस्त्र्या चालू ठेवल्यासारखं झालं. तापलेला पत्रा फक्त हवा गरम करत नाही. तो खालच्या माणसावर सरळ धग फेकतो. भट्टीसमोर उभं राहिलं की वारा असला तरी तोंड भाजतं, तसंच. ही धग किरणांनी येते, म्हणून पंखा किंवा कूलर तिला अडवू शकत नाही.

तिला अडवते चकचकीत धातूची पातळ पन्नी. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये थर्मासची बाटली तयार केली, तिच्या काचेला चांदीचा मुलामा याच कारणासाठी असतो. स्वच्छ ॲल्युमिनियम अशी धग सुमारे ९५ टक्के परत पाठवतं, आणि स्वतः तापलं तरी पुढे फारच थोडी फेकतं. वर्गात मी मुलींना हे पुठ्ठ्याच्या उदाहरणानं सांगते. पत्र्याखाली पुठ्ठा धरला तर क्षणभर बरं वाटतं. मग पुठ्ठाच तापतो आणि धग द्यायला लागतो. पन्नीचं तसं होत नाही.

त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही सुताराला बोलावलं. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली शीट बाजारात मिळते. दुकानदार तिला बबल शीट किंवा इन्सुलेशन शीट म्हणतात. पत्र्याच्या खाली लाकडी पट्ट्या ठोकून ती ताणून बसवली. मजुरीसकट खर्च एका साध्या कूलरएवढा आला.

काही गोष्टी आधी सांगायला हव्यात. शीट पत्र्याला चिकटवायची नाही. मध्ये निदान एक-दोन इंच मोकळी जागा हवी, नाहीतर धातूला धातू लागून उष्णता थेट उतरते. वरच्या पोकळीतली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना फट ठेवावी. ॲल्युमिनियममधून वीज वाहते, म्हणून छपराजवळची जुनी वायर आधी वायरमनकडून पाइपात घालून घ्यावी. शीटमुळे रात्री खोलीतली उष्णता छपराकडून लवकर निघत नाही. तेव्हा संध्याकाळी खिडक्या उघडाव्यात. ज्यांना एवढाही खर्च जमत नाही त्यांनी पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना द्यावा. अहमदाबाद महापालिकेच्या २०१३ पासूनच्या उष्णता कृती आराखड्यातही पुढे पांढऱ्या छपरांवर भर दिला गेला. चुना पावसात धुपतो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, एवढंच.

शीट लावून माळा काही काश्मीर झाला नाही. बाहेर ४२ अंश असले की आतही उकाडा असतोच. पण डोक्यावरची धग गेली आणि पंख्याचा वारा वाऱ्यासारखा लागू लागला.

२०२० चा रमजान टाळेबंदीत आला. एप्रिल-मे महिन्यांत घरातले पुरुष पहिल्यांदाच दिवसभर घरी होते. खालची गर्दी टाळायला दुपारी तेही माळ्यावर येऊन पडत. माझे दीर एकदा म्हणाले, "शीट नसताना अम्मा इथे कशा राहत होत्या?" हा प्रश्न घरात त्याआधी कुणी विचारला नव्हता. त्या वर्षी डॉक्टरांना विचारून अम्मांनी निम्मे रोजे ठेवले, अल्हम्दुलिल्लाह.

आपला दीन उन्हाची दखल घेतो. कडक उन्हाळ्यात जोहरची नमाज ऊन जरा उतरल्यावर पढावी, असं हदीसमध्ये आलं आहे. सूरह नहलमध्ये अल्लाहच्या नेमतींत सावलीचा उल्लेख आहे. मग आपल्याच घरच्या माणसांना सावली देण्यात आपण हात का आखडावा? लग्नाच्या एका रात्रीच्या मंडपावर आणि रोषणाईवर जो इसराफ होतो, त्याच्या लहानशा हिश्शात एका माळ्याचं छप्पर होतं.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरतो, आता तो मे महिन्यात नाही. पण मे महिना दरवर्षी येतोच. फाल्गुनातच एकदा घरात फिरून पाहा. सर्वांत अशक्त माणसाची चारपाई कुठल्या छपराखाली आहे, ते बघा आणि उन्हाळ्याचा खर्च तिथून सुरू करा.